शून्य, सात, दोन, तीन, दोन

वऱ्हाडच्या आग्नेय कोंपऱ्यांत, वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यांत, यवतमाळ जिल्हा वसलेला आहे. कापसाचा मुलूख, सागाचीं जंगलें, मधूनमधून उघडे माळ आणि त्यांवरून वळणें घेत जाणारे रस्ते, असें याचें सामान्य स्वरूप. या जिल्ह्याचीं वर्णनें आजवर पुष्कळांनीं केलीं आहेत. कोणी कळंबच्या चिंतामणीविषयीं लिहिलें, कोणी टिपेश्वरच्या अभयारण्याविषयीं, तर कोणी चिमुकल्या शकुंतला रेल्वेविषयीं. आम्हीं मात्र गेल्या हिवाळ्यांत हा जिल्हा एका निराळ्याच सूत्रास धरून पाहिला. टेलिफोनचे जे स्थानिक संकेतांक, ज्यांस सर्वत्र एस. टी. डी. कोड म्हणतात, ते गांवोगांव कसे बदलत जातात आणि कोणत्या नदीपाशीं वा घाटापाशीं बदलतात, हें पाहत आम्ही दोन फेऱ्यांत फिरलों.

हा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. ६ फेब्रुवारी २०२५ रोजीं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें सरकारास एक शिफारस केली. लँडलाइनवरून, म्हणजे तारेच्या टेलिफोनवरून, दुसऱ्या लँडलाइनवर बोलावयाचें तर, मग ती शेजारच्या आळींतली कां असेना, आधीं शून्य, मग गांवाचा संकेतांक आणि मग घरचा नंबर, असे सर्व आंकडे लावावे, असें त्या शिफारशींत आहे. म्हणजे यवतमाळांत बसून यवतमाळांतच बोलणारास सहाऐवजीं अकरा आंकडे. आपल्या गांवांत आपल्या गांवाचा संकेतांक लावावा लागत नाहीं, ही जी पिढ्यांची सवलत, तिचा शेवट असा डोळ्यांसमोर दिसूं लागला. तेव्हां ती सवलत होती तरी काय, हें एकदां नीट पाहून घ्यावें असें मनांत आलें.

आपल्या घरांतून कोणतेंही धर्मकृत्य आरंभितांना संकल्प सोडतात. त्यांत प्रथम द्वीप, मग वर्ष, मग खंड, मग गोदावरीचें कोणतें तीर, आणि अखेरीस स्वतःचें गोत्र व नांव, असा मोठ्याकडून लहानाकडे उतरण्याचा क्रम असतो. टेलिफोनच्या संकेतांकाचा क्रमही नेमका तसाच आहे. यवतमाळचा ०७२३२ घ्या. पहिलें शून्य म्हणजे 'मी गांवाबाहेर निघालों आहें' अशी यंत्रास दिलेली सूचना. पुढचा ७ हा एका विस्तीर्ण विभागाचा. त्यापुढील आंकडे प्रदेश बारीक करीत करीत यवतमाळ व त्याच्या भोंवतालचा टापू एवढ्यावर आणून ठेवतात. सगळ्या देशाचे असे २६४७ टापू केलेले आहेत आणि ते साधारणतः तालुक्याएवढे आहेत.

या ७ च्या आंकड्याची आम्हांस मोठी मौज वाटली. मुंबई ०२२, पुणें ०२०, कोल्हापूर ०२३१, नांदेड ०२४६२, असा उर्वरित महाराष्ट्र २ च्या छत्राखालीं आहे. परंतु नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, असा सारा विदर्भ ७ खालीं असून तेथें त्याचे सोबती जबलपूर ०७६१ आणि रायपूर ०७७१ हे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्यप्रदेशांत होता, आणि त्याआधीं मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवानें हीं सर्व गांवें एकाच कारभाराखालीं नांदत होतीं. राज्य बदललें, राजधानी बदलली. टेलिफोनच्या पंक्तींत मात्र विदर्भ जुन्या सोयऱ्यांशेजारींच बसलेला आहे. त्याच पंक्तींत इंदूर आणि अहमदाबादही आहेत, तेव्हां यावरून इतिहासाचा मोठासा सिद्धांत कोणीं काढूं नये. पण पंगतींत ओळखीचें माणूस शेजारीं आलें तर संतोष वाटतोच.

दुसरी गोष्ट गणिताची. शून्य वगळून संकेतांकाचे आंकडे आणि घरच्या नंबराचे आंकडे यांची बेरीज दहा यावी, अशी आपल्याकडील योजना आहे. त्यामुळें मुंबईचा संकेतांक दोन आंकडी तर घरचा नंबर आठ आंकडी. नागपूरचे तीन आणि सात. यवतमाळचे चार आणि सहा. शहर जितकें मोठें तितका त्याचा परिचय आंखूड आणि घरें शोधण्याची खटपट लांब. तबकडीच्या टेलिफोनच्या काळीं तर हा भेद बोटांनाही कळे. त्या यंत्रांत जो आंकडा फिरवावा तितके ठोके पडत, आणि शून्याचे दहा. दिल्लीच्या ०११ ला बारा ठोके, मुंबईच्या ०२२ ला चौदा, आणि आमच्या यवतमाळच्या ०७२३२ ला चोवीस! अमेरिकेंत १९४७ सालीं प्रथम संकेतांक वांटले तेव्हां न्यूयॉर्कसारख्या गजबजलेल्या शहरास २१२ हा थोड्या ठोक्यांचा आंकडा दिला गेला, तो अशाच हिशेबानें.

पहिल्या फेरींत आम्ही दारव्हा, दिग्रस, पुसद आणि उमरखेड या क्रमानें गेलों. दारव्ह्याचा संकेतांक ०७२३८, दिग्रसचा ०७२३४, पुसदचा ०७२३३, उमरखेडचा ०७२३१. म्हणजे दक्षिणेकडे जावें तसा शेवटचा आंकडा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें खालीं उतरत जातो. दारव्ह्यास शकुंतलेचे अडीच फुटी रूळ अजून दिसतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारें ११३ किलोमीटरांची वाट एका विलायती कंपनीनें कापसासाठीं बांधली होती. आतां गाडी बंद आहे आणि रूळांमधून गवत वाढलें आहे.

दिग्रसास आमच्या आत्याबाई राहतात. वय वर्षें ८४. त्यांच्या वाड्याच्या माजघरांत कोनाड्यांत टेलिफोन आहे आणि त्यावर त्यांनींच विणलेलें क्रोशाचें आच्छादन आहे. हें यंत्र घरांत नव्हतें तेव्हां आळींतील एकाच घरीं टेलिफोन असे, आणि तो नंबर सगळी आळी आपल्या लग्नपत्रिकांवर 'पी. पी.' अशीं दोन अक्षरें जोडून छापीत असे. त्या वेळीं लहान गांवांतील नंबरही दोन किंवा तीनच आंकडी असत. कर्णा उचलावा, पलीकडून 'नंबर बोला' असा आवाज यावा, आणि आपण आंकडा सांगण्याऐवजीं डॉक्टरांचें नांव सांगितलें तरी चालावें. 'डॉक्टर घरीं नाहींत, आतांच त्यांना दुसरीकडून फोन आला होता, तिकडे जोडून देतों,' असेंही उत्तर कधीं मिळे. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, तो आमचा कोड होता बरं! माणूसच कोड होता."

परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल. तारघरांत जाऊन नोंद करावी आणि बांकावर बसून राहावें. घाई असेल तर जादा दर देऊन 'अर्जंट' करावा. तीन मिनिटांचा हिशेब, आणि तेवढ्या वेळांत अर्धा काळ 'ऐकूं येतें का' यांतच जाई. मध्यस्थावांचून थेट परगांवचा नंबर लावण्याची सोय आपल्या देशांत प्रथम १९६० सालीं कानपूर आणि लखनौ यांच्यामध्यें झाली. लहान गांवांपर्यंत ती पोंचावयास पुष्कळ वर्षें लागलीं. १९८४ सालीं सरकारनें सी-डॉट ही संस्था काढली. तिनें धूळ, उन्हाळा आणि अनियमित वीज सोसणारें खेड्यांसाठीं योग्य असें स्वदेशी केंद्र तयार केलें आणि १९८६ सालीं त्यांतील पहिलें कर्नाटकांत कित्तूर येथें बसलें. पुढें गांवोगांव पिवळ्या पाट्यांचीं दुकानें झालीं, आणि रात्रीं उशिरां दर चौथाई होत म्हणून जेवणें आटोपून लोक त्यांच्यापुढें रांगा लावून उभे राहूं लागले. आपल्या गांवाला आंकडी नांव आहे, हें सामान्य माणसास त्या रांगेंत कळलें. पुण्यास शिकणाऱ्या मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर ०७२३४ हें लिहिलेलें असे. दिग्रसांत राहणाऱ्या त्याच्या आईस तें ठाऊकही नसे, कारण तिला तें कधीं लावावेंच लागत नसे.

घरचे नंबर हळूहळू लांबत गेले. तीनाचे चार, चाराचे पांच झाले, आणि या शतकाच्या आरंभीं सरकारी टेलिफोनांच्या मागें सर्वत्र २ हा आंकडा लागून ते सहा झाले. मध्यंतरीं कांहीं वर्षें जवळच्या गांवांसाठीं शून्याऐवजीं ९५ लावण्याचीही रीत होती, तीही गेली. आत्याबाईंनीं हें सर्व विनातक्रार पचविलें. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावतांना आधीं शून्य लावणें सक्तीचें झालें, तेव्हां त्या खरोखरच घाबरल्या. "कालपर्यंत लागणारा नंबर आज लागेना. आंतून एक बाई सारखी शून्य लावा, शून्य लावा म्हणते. दिवस ते करोनाचे. मला वाटलें, नागपुरास मुलाचें कांहीं बरेंवाईट तर झालें नाहीं!" शेवटीं शेजारची मुलगी आली आणि तिनें तो नंबर लावून दिला.

त्या शून्याचें कारण आम्हीं त्यांस समजावून सांगितलें, तें येथेंही सांगतों. नंबराचा आरंभ ऐकतांच केंद्रांतील यंत्रास ठरवावें लागतें कीं, हा सहा आंकडी गांवचा नंबर आहे कीं दहा आंकडी मोबाइल. म्हणून गांवच्या नंबरांच्या आरंभीं येणारे आंकडे मोबाइलास देतां येत नसत. शून्याची खूण आधींच मिळाली म्हणजे हा घोटाळा राहत नाहीं. या एका शून्यानें २५४ कोटींहून अधिक नवे नंबर मोकळे होतील, असा सरकारी हिशेब होता. आत्याबाईंनीं तो शांतपणें ऐकला आणि विचारलें, "इतक्या लोकांशीं बोलणार कोण?"

त्यांच्या टेलिफोनच्या वर भिंतीला एक पुठ्ठा टांगलेला आहे. उजवीकडे मुलांचे व नातवंडांचे मोबाइल. त्या प्रत्येकाच्या मागें त्यांनीं तांबड्या शाईनें स्वतः शून्य काढलें आहे. डावीकडे गांवचे नंबर. डॉक्टर, वाणी, देवळाचे पुजारी आणि दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या त्यांच्या जाऊबाई. ते सहा-सहा आंकडी आणि तांबड्या शाईवांचून आहेत. आत्याबाईंच्या एका डोळ्याचें मोतीबिंदू झालें, दुसऱ्यास अंधुक दिसतें. डाव्या बाजूचे नंबर त्या पुठ्ठ्याकडे न पाहतां, रात्रीं दिवा गेला असतांनाही, नुसत्या बोटांच्या संवयीनें लावतात. तीन वर्षांपूर्वीं आमच्या आतोबांस रात्रीं दोन वाजतां छातींत कळ आली, तेव्हां त्यांनीं डॉक्टरांना असेंच अंधारांत बोलाविलें आणि तें वेळेवर झालें. त्या सहा आंकड्यांचे अकरा झाले म्हणजे काय, याचा विचार दिल्लींतील शिफारस वाचतांना मनांत येत नाहीं. दिग्रसच्या माजघरांत तो आल्यावांचून राहत नाहीं.

दिग्रसहून पुसदास गेलों. पूस नदीच्या कांठीं, चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेलें हें गांव. वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३) या दोन मुख्यमंत्र्यांमुळें त्याचें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. आम्हीं तेथें बाजारपेठेंतील पाट्या वाचण्यांत एक दुपार घालविली. शिलालेखाच्या अक्षरवटिकेवरून त्याचें शतक ओळखतात, तसें या पाट्यांवरील नंबराच्या लांबीवरून दुकानाचें वय ओळखतां येतें. एका जुन्या कापड दुकानाच्या लाकडी फळीवर तीनच आंकडे, आणि तेही पुसट; एका भांड्यांच्या दुकानावर पांच, आणि त्यांच्या मागें दुसऱ्या रंगांत मागाहून घुसविलेला २; नव्या दुकानांवर नुसते मोबाइल. एक लक्षांत आलें. जुन्या पाट्यांपैकीं एकीवरही ०७२३३ लिहिलेला आम्हांस दिसला नाहीं. लिहावयाचा कशाला? पाटी वाचणारा पुसदांतच उभा होता.

उमरखेडच्या पुढें पैनगंगेचा पूल लागतो आणि तो ओलांडला कीं आपण नांदेड जिल्ह्यांत, म्हणजे ७ मधून २ मध्यें जातों. १९४८ पर्यंत या पात्राच्या पलीकडे निजामाचा अंमल होता आणि अलीकडे इंग्रजी वऱ्हाड. सरहद्द गेली, चौक्या गेल्या, दोन्ही तीरांवर एकच भाषा आणि एकच राज्य. परंतु एका तीरावरून दुसऱ्या तीरावरच्या व्याह्यास लँडलाइनवर हांक मारावयाची तर आंकड्यांची सरहद्द ओलांडावीच लागे.

दुसरी फेरी पूर्वेकडची. घाटंजी ०७२३०, पांढरकवडा ०७२३५ आणि वणी ०७२३९. घाटंजीविषयीं विशेष लिहिण्यासारखें नाहीं. चहा उत्तम मिळाला. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो. त्यानें दक्षिणेस गेलें कीं पुन्हा पैनगंगा आडवी येते आणि तिच्यापलीकडे आदिलाबादचा ०८७३२, म्हणजे ८ चा प्रदेश, सुरू होतो. एकच नदी एका ठिकाणीं ७ आणि २ वेगळे करते, दुसऱ्या ठिकाणीं ७ आणि ८. टेलिफोन खात्याच्या नकाशाकारांस भूगोल चांगला येत होता असें म्हणावें लागेल.

वणी हें कोळशाच्या खाणींचें गांव. रस्त्यावर मालमोटारींची रीघ आणि झाडांच्या पानांवर काळी भुकटी. या गांवाचा मान एके काळीं मोठा होता. १९०५ पर्यंत जिल्ह्याचें नांवच वणीवरून 'वून' असें होतें. त्या सालीं पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला आणि जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं वणीचाच. राजकारणाच्या धकाधकींतही त्यांनीं लोकमान्यांवर 'तिलकयशोर्णव' हें संस्कृत महाकाव्य रचलें, आणि त्यास १९७३ सालीं त्यांच्या पश्चात् साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संस्कृताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नांव सांगितलें पाहिजे. पत्रावर जो सहा आंकडी पिन कोड आपण लिहितों, त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे अधिकारी आणि संस्कृत कवी व नाटककार होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं तो सुरू झाला. त्या योजनेंत यवतमाळ ४४५००१ आणि वणी ४४५३०४. सर्व जिल्हा एका ४४५ खालीं, आणि सर्व महाराष्ट्र, विदर्भासकट, एका ४ खालीं. टपालानें जें एका घरांत ठेविलें, तें टेलिफोनानें दोन घरांत वांटलें!

शिवाय पत्रास आंकडा एकदांच लिहावा लागतो आणि तो डोळ्यांसमोर राहतो. टेलिफोनाचा प्रत्येक वेळीं नव्यानें लावावा लागतो. म्हणून तेथें लाघवाची किंमत आहे. पाणिनीच्या सूत्रांत एकदां आलेलें पद पुढच्या सूत्रांत पुन्हा उच्चारीत नाहींत. तें मागून आपोआप चालत येतें, आणि त्यास अनुवृत्ति म्हणतात. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्र झाल्याचा आनंद होतो, असें त्यांच्याविषयीं थट्टेनें म्हणतात. गांवांत बोलणाऱ्याच्या नंबरामागें गांवाचा संकेतांक असाच न उच्चारतां चालत येत असे. शेजारच्या घरीं विरजण मागावयास जातांना कोणी संकल्प सोडीत नाहीं.

नंबर वाढविण्यास आमचा विरोध नाहीं. लोक वाढले, यंत्रें वाढलीं, तर आंकडे वाढणारच. अमेरिकेंत आमचा एक भाचा असतो. तेथेंही २४ ऑक्टोबर २०२१ पासून ८० हून अधिक संकेतांकांच्या प्रदेशांत गांवांतल्या गांवांत दहा आंकडे लावावे लागतात. तेथें कारण असें झालें कीं, मनानें खचलेल्या माणसास तात्काळ आधार मिळावा म्हणून ९८८ हा तीन आंकडी नंबर सर्व देशास द्यावयाचा होता, आणि कित्येक गांवांत घरचे नंबरच ९८८ नें सुरू होत होते. तें कारण ऐकून आम्हांस समाधान वाटलें. पांच-सात जणांची सोय गेली, पण एकाचा प्राण वांचण्याची वाट झाली.

येथें मात्र हिशेब तितका सरळ दिसत नाहीं. प्राधिकरणाचें म्हणणें असें कीं, कांहीं टापूंत नंबर अपुरे पडतात, म्हणून टापूची मर्यादा काढून सबंध परिमंडळ हेंच क्षेत्र धरावें. तुटवडा जेथें असेल तेथें तो खरा असेल. पण घाटंजीकडे पाहा. २ नें सुरू होणारे सहा आंकडी नंबरच एक लाख होतात, आणि घरोघरचीं तारेचीं यंत्रें तर लोक काढून टाकीत आहेत. तुटवडा मोठ्या शहराचा आणि पांच आंकड्यांचें ओझें घाटंजीच्या माथीं, असा हा प्रकार होतो. सध्यांच्या ग्राहकांचे नंबर बदलणार नाहींत असें त्या शिफारशींत आहे, ही गोष्ट चांगली. तथापि क्षेत्र मोठें झालें म्हणजे संकेतांकाचें गांवाशीं लागलेलें लग्न सैल होणार, हें उघड आहे. मोबाइलाचें तें कधींच झालेलें आहे. त्याच्या दहा आंकड्यांवरून माणूस पुसदचा कीं पनवेलचा हें सांगतां येत नाहीं. तो नंबर माणसाचा असतो, घराचा नसतो. माजघरांतील टेलिफोन वाजला तर तो कोणीही उचली आणि आधीं घरचें कुशल विचारलें जाई, मग ज्याचें काम त्यास हांक मारली जाई. आमच्या मतें निदान लहान टापूंत जुनी सहा आंकडी सवलत आणि नवी अकरा आंकडी रीत या दोन्ही कांहीं वर्षें एकत्र चालूं द्याव्या. आत्याबाईंच्या वयाचीं माणसें घरोघर आहेत आणि त्यांचीं बोटें नवें शिकावयाचीं नाहींत.

वणीच्या बाजारांत आम्हांस हातानें पाट्या रंगविणारा एक कारागीर भेटला. छापील फलकांच्या या दिवसांत त्याच्याकडे काम थोडें येतें. तो एका औषधांच्या दुकानाची पाटी पुन्हा उजळीत होता. दुकानाचा जुना सहा आंकडी नंबर मालकास ठेवावयाचा होता. आम्हीं त्या शिफारशीची हकीकत सांगितली तेव्हां मालक आंतून बाहेर आले, पाटीकडे क्षणभर पाहिलें, आणि कारागिरास म्हणाले, "भाऊ, नंबर थोडा उजवीकडे सरकवून घ्या. डावीकडे पांच आंकड्यांची जागा कोरी सोडा."